वाल आणि हरभरे

पुण्याहून बंब निघतो तो घंटा वाजवत निघतो म्हणे.
चांदणी चौकात घंटा अडकते, पिरंगुटला बंब अडकतो,
आणि आमच्या हिरडेवाडीत पोचतो तो
राख पाहायला.
ड्रायव्हर चहा घेतो. माणूस चांगला आहे.

म्हणून हे पथक. तेहतीस जणं, दोन ब्लोअर,
पाठीवरचे पाच पंप, त्यातला एक गळका,
निरगुडीच्या ओल्या फांद्या लागतील तेवढ्या,
आणि टी-शर्ट, ज्यावर छापणाऱ्यानं
'अग्नीशमन' केलंय, दुसरी वेलांटी.
मी चिटणीस. ती वेलांटी मला तीन वर्षं टोचते आहे.

काल होळीआधीची सभा, शाळेच्या पडवीत.
विषय पहिला : मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचलं. कायम झालं. कुणी ऐकलं नाही.
विषय दुसरा : पदाधिकारी.

उपप्रमुख व्हायला सगळे तयार,
त्या पदाला काम नाही.
खजिनदारीचा विषय निघाला तसा
निवृत्ती शेडगे पाणी प्यायला उठला,
परत आला तेव्हा खजिनदार होता.

प्रमुखपदाला दोन नावं.
रोहिदास पासलकर : पिकअप आहे, आवाज आहे,
पुढच्या साली सरपंचकीचंही मनात आहे.
दुसरं नाव कोंडाबाई ढेबेनं घेतलं,
पदरानं वारा घेता घेता.
धाऊ मरगळे.

पडवीतला पंखा तेवढा बोलत राहिला.

धाऊ. दर फाल्गुनात डोंगराला काडी लावणारा.
जाळलं की पुढच्या साली गवत दाट येतं,
त्याला बापानं सांगितलेलं, बापाला त्याच्या बापानं.
गावाला ठाऊक. पंचनाम्यात मात्र 'अज्ञात इसम'.
तो पंचनामा माझ्याच अक्षरात आहे.
त्या साली अज्ञात इसमानं
माझी एकशे चाळीस केशरची कलमं नेली,
चौथ्या वर्षाची,
पहिला मोहर अंगावर असलेली.

"लावणाऱ्याला कळतं ती कुठनं चढती,"
कोंडाबाई म्हणाली.
"मग चोरालाच पाटीलकी द्या," रोहिदास हसला.
"दिली असती तर घरं तरी शाबूत ऱ्हायली असती,"
मागून कोण बोललं ते मी लिहून घेतलं नाही.
धाऊ मान खाली घालून
तळहातावरचा जुना चट्टा अंगठ्यानं चोळत होता.
तीन वणव्यांत तो आमच्याबरोबर विझवायला होता,
तेही कुणी बोललं नाही, त्यानंही नाही.

इंदूबाईच्या घरून दाणे आणले.
वाल रोहिदासला, हरभरा धाऊला.
प्रत्येकाला दोन्ही, मूठ झाकून एक डब्यात,
उरलेला इंदूबाईच्या सुपात परत;
वाल बियाण्याचे होते, तिनं बजावलं.

मोजायला मीच.
सोळा वाल. सोळा हरभरे.
पुन्हा मोजले.
तेहतिसावं मत अजून माझ्या मुठीत,
दोन्ही दाणे घामानं ओले,
आणि बत्तीस जणं माझ्या मनगटाकडे बघतायत.

इतिवृत्तात इतकंच आहे :
श्री. धाऊ सखू मरगळे यांची एक मताने निवड.
'एक' आणि 'मताने' यांत जागा सोडली आहे,
जरा कमीच.
ज्याला जे वाचायचं ते वाचेल.
शुद्धलेखनात आयुष्य गेलं,
पहिल्यांदाच असं काही जाणूनबुजून केलं.

आज सकाळी साडेसहाला जाळरेषा काढायला गेलो.
रोहिदासही आला, पिकअपमध्ये टाकी भरून,
तोंड तेवढं वाकडं.
धाऊनं सुरुवात धरली ती माझ्या बांधापासून,
काळ्या खुंटांच्या रांगेलगत.
चिमूटभर माती वर सोडून वारा पाहिला,
चौघांना चार पंप देऊन उभं केलं,
गळका स्वतःच्या पाठीवर घेतला.
मग माझ्याकडे न बघता
नुसता हात मागे केला :
"चिटणीस, काडेपेटी."

खिशात हात घातला.
आधी वाल लागला.